पाच वेळा कावून

बाबांनी आमच्या घरात सेफ्टी मीटिंग सुरू केली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी मी साहूकाकींच्या आंब्यावरून पडता पडता राहिले होते. भिलाईच्या सेक्टर दहामधली आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून होती आणि काकींच्या झाडाची एक फांदी भिंत ओलांडून आमच्या बाडीत, म्हणजे परसात, यायची. भिंतीच्या अलीकडे लोंबणारा आंबा आमचा, हा कायदा मी आणि माझी धाकटी बहीण छकुली, आम्ही दोघींनी मिळून केला होता. अलीकडचे आंबे संपले तेव्हा कायद्यात थोडी दुरुस्ती करावी म्हणून मी भिंतीवर चढले, पलीकडच्या फांदीवर पाय ठेवला आणि फांदी कडाडली. मी भिंतीला लटकले, एक चप्पल काकींच्या तुळशीत पडली, आणि काकी पदर खोचत बाहेर आल्या. "ए नोनी, आमा खाए के मन हे त मांग ले न, डारा ला काबर टोरथस?" काकी मूळच्या इथल्या, छत्तीसगढी. पोरी, फांदी का तोडतेस, आंबे हवेत तर मागून घे, असं त्या रागावून म्हणत होत्या, पण त्यांच्या भाषेतलं रागावणंही लाडाचंच वाटायचं.

घरचा मार मात्र ठरलेला होता. छकुली तर साक्षीदार व्हायला नको म्हणून आधीच आत पळाली होती. नेमके त्याच वेळी बाबा नाइट शिफ्ट करून आले आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता मागच्या दारात उभे राहिले. माझे बाबा, श्रावण कापगते, स्टील प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलला ऑपरेटर होते. मिलच्या धडधडाटात ऐकू जावा म्हणून त्यांनी जो आवाज कमावला होता, तोच ते घरी मीठ मागायलाही वापरायचे. त्यांनी मला पाहिलं, फांदी पाहिली, हात उचलला, आणि काहीतरी आठवून तो पुन्हा खाली घेतला. "हे ॲक्सिडेंट नाई," ते स्वतःलाच समजावत असल्यासारखे म्हणाले, "हे नियर मिस आहे." जागरणानं बाबांचं डोकं फिरलं असं मला वाटलं.

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात प्लांटच्या ट्रेनिंग हॉलमध्ये कामगारांसाठी एक कोर्स झाला होता. सुरक्षित काम कसं करायचं, चांगल्या सवयी कशा लावायच्या, न घाबरता निर्णय कसा घ्यायचा, असं सगळं एकत्र शिकवणारा. बाकीचे लोक तिथला समोसा खाऊन परत आले. बाबा कोर्स घेऊन घरी आले. प्लांटमध्ये अपघात होता होता टळला तर त्याला नियर मिस म्हणतात. वरून पाना पडला आणि कुणाला लागला नाही, तर ती गोष्ट झाकायची नाही, सगळ्यांसमोर सांगायची. सांगणाऱ्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही, कारण तो बोलणी खाईल या भीतीनं गप्प बसला तर उद्या तोच पाना कुणाच्या तरी डोक्यात पडेल. बाबांना ही गोष्ट इतकी पटली की त्यांनी ती आमच्या दोन खोल्यांच्या घराला लावून टाकली. दुसऱ्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी मीटिंग. प्रत्येकानं आपापला नियर मिस सांगायचा, आणि चहा थंड व्हायच्या आत त्यावर उपाय ठरवायचा. "सांगणाऱ्याले मी काही म्हणणार नाई," बाबांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं. हे वाक्य बोलून बाबांनी आपल्या पायावर केवढा धोंडा पाडून घेतला आहे हे त्या घरात फक्त मला आणि छकुलीला कळलं.

आमच्या घराला सोमवार-मंगळवार नव्हते. फर्स्ट, सेकंड आणि नाइट होते. फर्स्ट शिफ्ट असली की मीटिंग अंधारात व्हायची, मी आणि छकुली पांघरुणासकट येऊन बसायचो. सेकंड असली की बाबा आरामात, बनियनवर, पोह्यांवर तर्री ओतून घेत अध्यक्षपद भूषवायचे. नाइट असली की ते घरी आल्यावर आधी मीटिंग आणि मग झोप, आणि त्यानंतर दुपारपर्यंत घरात कुजबुज. आई कुकरची शिट्टी वाजायच्या आत चिमट्यानं उचलून धरायची, त्यामुळे आमच्याकडे कुकर शिट्टी मारत नसे, सुस्कारे टाकत असे. अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, सणाला वडाभात, हे सगळं त्या सुस्काऱ्यांवरच शिजलं. आई भंडाऱ्याकडची, बाबा गोंदियाकडच्या खेड्यातले. घरात आपली मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि छकुली तर उंबऱ्यावर उभी राहून दोन्ही बोलायची.

पहिल्याच आठवड्यात आम्ही बाबांच्या वचनाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पूर्वी जे लपवायला दहा वेळा खोटं बोलावं लागे, ते आता चहासोबत खुशाल सांगून टाकता येऊ लागलं. "मेरा नियर मिस," छकुली हात वर करून म्हणाली, "टीचरनं मले क्लासमध्ये झोपताना पकडता पकडता सोडलं." बाबांच्या मानेची शीर फुगली. पण ते म्हणाले, "बरं. उपाय?" छकुली म्हणाली, "खिडकीजवळ बसणार नाई. उधर हवा अच्छी आती है, नींद लगती है." मग माझी पाळी. "मी सहामाहीत गणितात नापास होता होता राहिली." बाबांनी चहाचा घोट घेतला, गिळला, आणि डोळे मिटून विचारलं, "उपाय?" मी म्हणाले, "गणित सोडणं." आई पदराआड हसली. बाबांनी चहाचा पेला असा काही खाली ठेवला की थोडा चहा लुंगीवर सांडला, पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. मला त्यांची तेव्हा कीव आली नाही. आता येते.

आई स्वतः मात्र त्या मीटिंगमध्ये कधी काही सांगत नसे. पोहे परतत परतत पाठमोरीच म्हणायची, "माह्याकडून सगळं ठीक." एकदा बाबा हट्टालाच पेटले. "असं कसं? तुया जिंदगीत काही नियर मिस झालाच नाई?" आई वळून म्हणाली, "झाला होता ना. तुमचं स्थळ. टळता टळता राहिलं." त्यावर काय उपाय करायचा ते बाबांच्या कोर्समध्ये शिकवलं नसावं.

कोर्समधून बाबांनी आणखी एक हत्यार आणलं होतं, पाच वेळा कावून, म्हणजे पाच वेळा का. कुठलीही गोष्ट बिघडली की कावून बिघडली म्हणून विचारायचं, जे उत्तर येईल त्याला पुन्हा कावून विचारायचं, असं पाच वेळा. पाचव्या उत्तराला गोष्टीचं मूळ सापडतं म्हणे. पहिला प्रयोग उतू गेलेल्या दुधावर झाला. दूध कावून उतू गेलं? आई शेगडीजवळ नव्हती. कावून नव्हती? दार उघडायला गेली. कावून? बाबांनी बेल दाबली. कावून, त्यांच्याकडे किल्ली असते ना? किल्ली ते विसरले होते. कावून विसरले? कारण रोज निघताना ते आमच्या नियर मिसचा विचार करत निघायचे. दुधाचं मूळ सापडलं तेव्हा बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढेही शिळ्या पोळ्यांपासून हरवलेल्या छत्रीपर्यंत कुठल्याही गोष्टीचं मूळ खणत गेलं की पाचव्या कावूनला खाली बाबाच बसलेले सापडायचे. तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

माझा मुलगा हल्ली फोनवर यशस्वी लोकांच्या सवयींचे व्हिडिओ पाहतो. यशस्वी माणसं पहाटे उठतात, अपयशाला घाबरत नाहीत, चटकन निर्णय घेतात, असं कुणीतरी कोट घालून सांगत असतं. मी त्याला म्हणते, तुझे आजोबा जन्मभर पहाटे उठले, त्यांना कुणी व्हिडिओत घेतलं नाही. पण एवढं खरं की त्या मीटिंगनं मला जे दिलं ते नंतर कुठल्याच शाळेत मिळालं नाही. काही मोडलं की रडून घ्यावंसं वाटतंच, मी रडतेही. पण रडून झालं की तोंडातून आपोआप निघतं, काय झालं ते सांग, आता उपाय काय ते सांग, आणि मग चहा पी. आयुष्यात माझं बरंच काही मोडलं. चहा मात्र सहसा थंड झाला नाही.

आता बाबांच्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांना चिखल चालत नसे. सेक्टरमधले सगळे गावाकडून आलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या क्वार्टरमागे वांगी, भेंडी, भोपळ्याचे वेल असायचे आणि सुटीच्या दिवशी लोक हौसेनं खुरपं घेऊन बसायचे. बाबा आमच्या बाडीत बुटांशिवाय पाय ठेवत नसत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस पायाला मातीचा ठिपका लागला तरी नळाखाली पाय धरून उभा राहायचा. "शेतीतून निघालो म्हून तुमी शाळेत जाऊन राहिल्या," हे आम्ही जेवताना, खेळताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी, केव्हाही ऐकायचो. आणि अशा माणसाच्या पोटी मी आले, जिला मातीत हात घातल्याशिवाय करमत नसे. साहूकाकींनी मला एकदा मूठभर दुबराज, वासाचं धान, दिलं होतं. न्हाणीचं पाणी जिथून वाहून जायचं तिथे मी ते टाकलं आणि दोन हात जागेत धान उभं केलं. घरात कुणी विचारलं तर ते गवत आहे असं सांगायचं ठरलं होतं. धान पोटरीला आलं तेव्हा त्याचा वास इतका सुटला की गवत म्हणणं कठीण झालं. बाबा एक-दोनदा मागच्या दारात थांबून नाक वर करून उभे राहिले आणि तसेच आत गेले.

बारावी झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एकच विषय होता, इंजिनियरिंग. मी दोन वर्षं कोचिंगला जात होते. जात होते म्हणजे जाऊन बसत होते, फळ्यावरचं उतरवून घेत होते, आणि खिडकीबाहेर कुणी लावलेली मिरची पाणी मागते आहे हे पाहत होते. परीक्षेत माझं जे व्हायचं ते झालं. तरी दुर्गकडच्या एका नवीन खाजगी कॉलेजात जागा मिळणार होती आणि बाबांना तेवढं पुरे होतं. त्यांनी रेल मिलच्या अख्ख्या शिफ्टला सांगून टाकलं होतं, "माही पोरगी वैशू इंजिनियर होऊन राहिली." त्यांच्या बरोबरचे लोक रस्त्यात भेटले की मला इंजिनियर मॅडम म्हणायचे. ते दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. कारण त्यांना माहीत नव्हतं, आणि बाबांना तर मुळीच माहीत नव्हतं, की मी कृषीचीही प्रवेश परीक्षा दिली होती.

त्या परीक्षेला मला आई घेऊन गेली होती. केंद्र दुर्गला होतं आणि आईनं घरात सांगितलं, जवळच्या रुआबांध्याच्या बाजारात जाऊन येतो. खोटं अर्धंमुर्धं नको म्हणून तिनं भाजीची पिशवीही घेतली. मी आत पेपर लिहीत होते तेव्हा ती बाहेर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि येताना दुर्गच्या जुन्या बाजारातून परवळ घेऊन आलो. संध्याकाळी बाबा म्हणाले, "रुआबांध्याले आज परवळ भल्लं ताजं होतं?" आई म्हणाली, "गाडी लवकर आली होती." मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. निकाल लागला तेव्हा मात्र हसू आलं नाही. माझा नंबर इतका वर होता की रायपूरजवळच्या सरकारी कृषी महाविद्यालयात जागा नक्की होती, आणि सोमवारी तिथे हजर राहून ती घ्यायची होती. नाही गेलं तर जागा गेली. त्याच आठवड्यात बाबा दुर्गच्या कॉलेजात पैसे भरणार होते. म्हणजे जे बोलायचं ते आता बोलायचं होतं, नाहीतर चार वर्षं खिडकीबाहेर बघत बसायचं होतं.

शनिवार होता, बाबांची सेकंड शिफ्ट. पोहे झाले होते, बाबा खुशीत होते. छकुलीनं तिचा नियर मिस सांगितला, सायकलची चेन बिन काहीतरी. आई नेहमीप्रमाणे पाठमोरी, माह्याकडून सगळं ठीक. छकुलीसारखा हात वर करून मी म्हणाले, "माहा एक आहे. मी कृषीची परीक्षा दिली होती. पास झाली. सोमवारी रायपूरले बोलावलं आहे. अन् मले जायचं आहे."

बाबांनी पेला खाली ठेवला. "हे नियर मिस नाई," ते म्हणाले, "हे ॲक्सिडेंट आहे." आवाज मोठा नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. मिलचा आवाज घेऊन ते ओरडले असते तर मी सवयीनं ऐकून घेतलं असतं. छकुलीनं धीर करून विचारलं, "ॲक्सिडेंट में डाँट सकते हैं क्या, बाबा?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "नाई," ते म्हणाले. "ॲक्सिडेंट झाला तं इन्क्वायरी होते." आणि ते ताठ बसले. तेवढ्या रागातही त्यांनी कोर्स सोडला नाही. मला त्या क्षणी त्यांचा किती राग आला आणि किती माया वाटली, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

"कावून दिली परीक्षा?"

"मले इंजिनियर नाई व्हायचं म्हून."

"कावून नाई व्हायचं?"

"समजत नाई मले ते. दोन वर्षं झाले, मी कोचिंगमध्ये फक्त उतरवून घेऊन राहिली. धानाचं मले न शिकवता समजते. त्याच्यात मन लागते."

बाबांची नजर एकदा मागच्या दाराकडे गेली आणि परत आली. "मग हे आधी कावून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं, आणि हा तिसरा कावून विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी पूरी मिलले सांगून बसलो. माह्यापासून लपवलं. कावून?"

मग जे आलं ते मी ठरवून बोलले नव्हते. "भेव वाटत होतं, बाबा. आपल्या घरात पडलं-झडलं सगळं सांगता येते. पण मले काय पाहिजे हे सांगता येत नाई."

हे ऐकून बाबा दुखावले. मी त्यांना आधी कधी दुखावलेलं पाहिलं नव्हतं, रागावलेलंच पाहिलं होतं. मला रडू फुटलं, छकुलीला माझं पाहून फुटलं, आणि बाबा तसेच आमच्या दोघींच्या मधे कुठंतरी बघत बसले. त्यांचा पाचवा कावून उरला होता. तो ते विचारणार नाहीत, उठून आंघोळीला जातील आणि सोमवार निघून जाईल, असं मला वाटलं. पण बाबांनी विचारला. अगदी हळू, बहुतेक मला नाहीच. "कावून वाटते भेव? मी काही खाऊन राहिलो का पोरीले?"

उत्तर आईनं दिलं. तिनं शेगडी बंद केली, वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटिंगमध्ये आमच्याकडे तोंड करून बसली. "तिच्या बापाले त्याच्या बापाचं वाटत होतं, म्हून तिले वाटते," ती म्हणाली. "तुमी सांगितलं होतं का मामंजीले? सांगा पोरींले. की मी सांगू?"

बाबांनी पाय लुंगीखाली ओढून घेतले. मग आईनंच सांगितलं, आणि ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. बाबांना भिलाईत कामावर बोलावलं होतं आणि आजोबांनी नाही म्हटलं होतं, धानाची रोवणी झाल्यावर पाहू म्हणून. रोवणीच्या दिवशी सगळं घर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरलं होतं, गुडघ्यापर्यंत चिखल, बाया गाणी म्हणत धान लावत होत्या. रोपं कमी पडली. "पेंढ्या आणतो," असं म्हणून बाबा शेताच्या कडेच्या धुऱ्यावर चढले, रोपांच्या पेंढ्या जिथं ठेवल्या होत्या तिथून पुढे गेले, आणि तसेच चिखलाच्या पायांनी स्टेशनवर जाऊन गाडीत बसले. तिकडे आजोबा बांधीत उभे राहून वाट पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं. आम्ही दिवाळीला गावाला जायचो, लग्नाला जायचो, आजोबांशी दर रविवारी फोनवर बोलायचो. पावसाळ्यात मात्र बाबा गावाला कधीच गेले नव्हते. आम्हाला वाटायचं, शिफ्ट असते.

"गाडीत लोक माह्या पायाकडे पाहून राहिले होते," बाबा अचानक म्हणाले. बस एवढंच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "तू सांगून तरी राहिली. माह्यापेक्षा तुह्यात दम जास्त आहे."

मग ते सरळ बसले, चहाच्या पेल्याला हात लावून पाहिला. कोमट होता. "उपाय," ते म्हणाले, आणि आता तो मिलचा आवाज परत आला होता. "सोमवारची शिफ्ट बदलून घेतो. सकाळच्या गाडीनं रायपूर. मी संग येतो, पण आत तूच जाशील, तूच बोलशील. दुर्गवाल्याले मी सांगतो. मिलमध्ये मी सांगतो." मिलमध्ये काय सांगतील, इंजिनियर मॅडमचं काय झालं म्हणून लोक हसतील, हे त्यांना मुळीच सुचलं नाही असं नाही. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. छकुली टाळ्या वाजवू लागली. मी उठून त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. पोहे खाय."

मला वाटलं मीटिंग संपली. पण बाबा उठले आणि फोनपाशी गेले. रविवार नव्हता, तरी त्यांनी गावचा नंबर फिरवला. आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते फोनवर असे ओरडायचे की आम्ही सगळेच ऐकू शकायचो. त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून कुणाकडे तरी फोन होता, तिथे त्यांना बोलवायला माणूस धावला, बाबा कानाला फोन लावून थांबले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग तिकडून आजोबांचा आवाज आला. कोण मेलं म्हणून विचारत होते, भलत्या दिवशी फोन आला म्हणजे त्यांच्या मते कुणीतरी मेलेलं असायचं.

"कोणी नाई, बाबूजी," बाबा म्हणाले. "वैशू कालेजात जाऊन राहिली. शेती शिकायले."

तिकडे मागे कुठेतरी पाऊस वाजत होता, कोंबडा ओरडत होता. "शेती?" आजोबा ओरडले. "शिकायले?"

"हो."

"कोण पाठवून राहिलं तिले?"

"मी," बाबा म्हणाले.

मग आजोबा हसले की खोकले ते कळलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "इकडं आज रोवणी आहे. सारे बांधीत आहेत. अन् तू? पेंढ्या आणतो म्हून गेला, आता कवा येशील घेऊन?"

बाबांनी फोन कानालाच धरून ठेवला. तिकडून आजोबा हॅलो हॅलो म्हणत राहिले. मग बाबांनी मान वळवली आणि आईला विचारलं, "माहा जुना पायजामा कुठं आहे?"